डेस्क सोडल्यानंतर

पुण्या-मुंबईतल्या स्वयंसेवी संस्थांच्या नोकरीच्या जाहिराती चाळल्या तर एक पद हमखास सापडतं : कम्युनिकेशन ऑफिसर. अपेक्षा ठरलेल्या असतात. मराठी-इंग्रजी दोन्हींत लिहिता यावं, केस स्टडी करता यावी, बरे फोटो काढता यावेत, मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ कापता यावा, गावात मुक्काम करायची तयारी असावी, माध्यमांत ओळखी असल्यास प्राधान्य. थोडक्यात, जिल्हा आवृत्तीत पाच-सात वर्षं घासलेला बातमीदार किंवा उपसंपादकच त्यांना हवा असतो; फक्त तसं कुणी स्पष्ट लिहीत नाही. आणि तो मिळतोही. रात्री एकला पान सोडून घरी जाणारी, मराठीवर हुकमत असलेली माणसं आज आरोग्य, पाणी, शिक्षण, बालहक्क यांवर काम करणाऱ्या संस्थांत टेबल सांभाळून आहेत.

या स्थलांतराला दोन तारखांचा टेकू आहे. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सरकारने नोव्हेंबर २०११मध्ये अधिसूचित केल्या आणि ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. कागदावर पत्रकारांचा मोठा विजय झाला. प्रत्यक्षात कायम नोकऱ्या आटत होत्या, कंत्राटाचे कागद पुढे सरकत होते आणि वेतन मंडळ ज्यांना लागू व्हायचं त्यांची संख्याच रोडावत चालली होती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ एप्रिल २०१४पासून, कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांतली एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची, असं ते कलम. पैसा आला, त्यामागून अहवाल आले. अहवाल लिहायला माणूस लागतो. कोविडच्या वर्षात अनेक वृत्तपत्रांनी आवृत्त्या आणि माणसं कमी केली तेव्हा उरलेले काठावरचेही या बाजूला आले.

वाट मात्र जुनी आहे. मराठी पत्रकारितेच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांतच ती पडली होती. कृष्णराव भालेकरांनी १८७७मध्ये सुरू केलेला ‘दीनबंधू’ १८८०मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवायला घेतला. लोखंड्यांनी काही काळ गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेली. कामगाराचा दिवस किती वाजता सुरू होतो आणि किती वाजता संपतो हे त्यांना कुणाला विचारावं लागत नव्हतं. पत्रात लिहून भागेना तेव्हा १८८४मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, हजारो सह्यांचा अर्ज केला, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज रविवार पुरवणी काढण्यासाठी शनिवारी रात्र जागवणाऱ्या उपसंपादकांना ही सुट्टी एका संपादकाने मिळवून दिली हे माहीत असतं की नाही, कोण जाणे. १८९७च्या प्लेगमध्ये रुग्णांसाठी धावपळ करतानाच लोखंडे गेले.

हमीद दलवाईही याच रांगेतले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा कथाकार अत्र्यांच्या ‘मराठा’त नोकरी करत होता. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. लेखक म्हणून ‘इंधन’ने मिळवून दिलेलं नाव त्यांनी पुढे पूर्णपणे चळवळीच्या कामी लावलं. त्यानंतर अवघी सात वर्षं मिळाली.

मला जास्त थांबावंसं वाटतं ते अनिल अवचटांपाशी, कारण लेखनाच्या पोटातून संस्था कशी निघते याचं इतकं उघडं उदाहरण मराठीत दुसरं नाही. अवचट एमबीबीएस झालेले. पण डॉक्टरकीत रमले नाहीत. दुष्काळी बिहार पाहून आल्यावर १९६९मध्ये ‘पूर्णिया’ आलं. मग ‘साधना’. १५ ऑगस्ट १९७२च्या ज्या विशेषांकातल्या राजा ढाल्यांच्या लेखावरून महाराष्ट्रभर गदारोळ उठला, त्या अंकाची जुळणी अवचटांची. पुढे ‘मनोहर’सारखी नियतकालिकं आणि दिवाळी अंक यांतून त्यांचे ते लांबलचक लेख येऊ लागले : हमाल, तंबाखूच्या वखारीतल्या बायका, बुवाबाजी, वाघ्या-मुरळी. पद्धत साधी होती. समोरच्याच्या शेजारी बसायचं आणि अगदी बाळबोध वाटतील असे प्रश्न विचारायचे. पोतं किती किलोचं? एका पोत्यामागे किती मिळतात? पाठ दुखली तर काय करता? मतं नंतर, किंवा नाहीच. दिवाळी अंकात वीस-पंचवीस पानं मिळायची म्हणून असे लेख होऊ शकले, हेही नोंदवायला हवं. दैनिकात त्यांची चौकट झाली असती.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, शहरांत शिरली. ओळखीतल्या एका घरातला मुलगा त्यात सापडला आणि अवचट त्या विषयामागे लागले. ती लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. या मुलांसाठी काही उभं राहत असेल तर आम्ही पैसे देतो, असं त्यांनी कळवलं आणि एक लाख रुपये दिले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

ही गोष्ट सांगताना सगळा प्रकाश लेखकावर पडतो आणि ते मला बरोबर वाटत नाही. संस्था चालवली ती डॉ. सुनंदा अवचटांनी. त्या त्याच मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. रोजची ओपीडी, पळून जाणारे पेशंट, रडणारे आईबाप, सरकारी कागद हे सगळं त्यांच्या वाट्याचं होतं. फेब्रुवारी १९९७मध्ये त्या कॅन्सरने गेल्या, तेव्हा काम अंगावळणी पडलेली टीम मागे होती; पुढे मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते हाती घेतलं. लेखामुळे पैसा आला आणि लोकांचं लक्ष वेधलं गेलं. दाराशी आलेल्या माणसाचं दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं याचं उत्तर मात्र लेखात नसतं. संस्थेकडे वळणाऱ्या प्रत्येक पत्रकाराला हा धडा पहिल्या महिन्यात मिळतो.

मुक्तांगणात पत्रकारितेची म्हणावी अशी एक सवय मात्र टिकली. तिथले बरेचसे समुपदेशक स्वतः पूर्वी पेशंट होते. सुटलेली दारू पुन्हा सुरू होणं हा तिथे झाकायचा प्रकार नाही. फॉलो-अपच्या बैठकांत तोच विषय असतो. पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट आहे आणि तिथे नवऱ्याच्या प्रगतीचे गोडवे गायची सक्ती नसते. अपयश संस्थेच्या तोंडूनच बाहेर येतं. बाकीच्या संस्थांच्या अहवालात ते शोधावं लागतं, आणि बहुधा सापडत नाही.

विद्या बाळांचा प्रवास वेगळ्या वळणाचा. आकाशवाणी पुणे केंद्रावर दोन वर्षं, मग १९६४पासून किर्लोस्करांच्या ‘स्त्री’ मासिकात. १९७४मध्ये त्या पुणे महापालिकेची निवडणूक जनसंघाच्या तिकिटावर लढल्या, हे आज अनेकांना ऐकून नवल वाटेल. माणूस कुठून निघून कुठे पोचला हे कळायला असे तपशील उपयोगी पडतात. ‘स्त्री’त पाककृती आणि विणकामाच्या शेजारी वाचकांची पत्रं येत. त्या पत्रांतलं छापता येण्यासारखं थोडं आणि छापता न येण्यासारखं पुष्कळ असायचं. संपादकाच्या टेबलावर साचणारा हा ऐवज कुठे न्यायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे तिथेच उभा राहिला असणार.

१९८२च्या जून महिन्यात पुण्यात मंजुश्री नावाच्या विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला. शहर हादरलं, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. त्या प्रकरणात खालच्या दोन्ही न्यायालयांनी पतीला दोषी धरलं आणि १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. बातमी म्हणून प्रकरण तिथे मिटलं. विद्याताईंचा नारी समता मंच याच काळात उभा राहिला. मंचाच्या बायकांनी ‘मी एक मंजुश्री’ या नावाचं पोस्टर प्रदर्शन तयार केलं आणि गावोगाव नेलं. त्याचं गणित एखाद्या मुरलेल्या संपादकाचं होतं. प्रश्न एका खटल्यातून सोडवून घरातल्या छळाचा केलेला, शीर्षकातल्या ‘मी’मुळे बघणारीला अंग काढून घेता येऊ नये अशी सोय केलेली. प्रदर्शन बघायला आलेल्या बायका पोस्टरपुढे उभ्या राहून स्वतःचंच सांगू लागल्या. हे ऐकून घ्यायला कायमची जागा हवी, यातून ‘बोलते व्हा’ हे केंद्र निघालं. पुढे मंचाने पुरुषांसाठी संवाद केंद्रही काढलं.

म्हणजे इथे क्रम वेगळा आहे. अवचटांच्या लेखाने संस्था काढली. विद्याताईंच्या बाबतीत माध्यमच रूप बदलत गेलं. मासिक, मग भिंतीवरचं पोस्टर, मग समोरासमोरची खुर्ची, आणि पुन्हा मासिक. १९८६मध्ये ‘स्त्री’चं संपादकपद सुटल्यावर ऑगस्ट १९८९मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. शनिशिंगणापूरच्या वादात मंदिरप्रवेशासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्या याचिकाकर्त्यांत त्या होत्या. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने स्त्रियांना अडवता येणार नाही असं सांगितलं, तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या.

‘महाराष्ट्र टाइम्स’मधले दिनकर गांगल आणि अरुण साधू, कुमार केतकर, अशोक जैन अशा पत्रकार मित्रांची ‘ग्रंथाली’ हा याच नकाशावरचा आणखी एक ठिपका. २५ डिसेंबर १९७४ला सुरू झालेल्या या वाचक चळवळीने दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ (१९८०) वाचकांच्या हाती दिलं. नोकरी सांभाळून केलेलं सार्वजनिक काम कुठवर जाऊ शकतं, याची ती कमाल मर्यादा म्हणता येईल.

पी. साईनाथ यांचा उल्लेख केल्याशिवाय हा आढावा पुढे जाणार नाही. वृत्तसंस्थेत सुरुवात, मग मुंबईत ‘ब्लिट्झ’चे डेप्युटी एडिटर, १९९३मध्ये मिळालेली पाठ्यवृत्ती, देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांतली सुमारे एक लाख किलोमीटरची भटकंती, त्यातून १९९६मध्ये आलेलं पुस्तक (मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’), ‘द हिंदू’तली विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरची वार्तापत्रं. २००७मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं ते पत्रकारिता, साहित्य आणि सर्जनशील संवादकला या विभागात. २०१४मध्ये ‘द हिंदू’ सोडून त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी ‘पारी’, म्हणजे ग्रामीण भारताचा डिजिटल संग्रह, सुरू केला. तो एका न्यासामार्फत चालतो. बातमीदार, छायाचित्रकार, भाषांतरकार मिळून मजकूर करतात आणि तो मराठीसह डझनाहून अधिक भाषांत वाचता येतो.

‘पारी’तलं एक दालन मराठी वाचकाने जरूर पाहावं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या होत्या. हा ठेवा २०१७पासून तिथे टप्प्याटप्प्याने येतो आहे. ओवीशेजारी गाणारीचं नाव आणि गाव असतं, बऱ्याच ठिकाणी तिचा आवाज ऐकता येतो. पुष्कळ वर्षांनी ‘पारी’च्या गटाची माणसं पुन्हा त्या गावी जाऊन त्याच बायकांना भेटली, त्यांचं चित्रण केलं. वृत्तपत्राच्या अर्थशास्त्रात असल्या कामाला कुठल्याच पानावर जागा नाही. ज्याला बातमीची धाव माहीत आहे आणि ती बाजूला ठेवायची ऐपतही आहे, अशाच माणसाला हे सुचतं.

आतापर्यंतच्या या नावांत एक साम्य आहे, आणि कौतुकाच्या भाषणांत ते हटकून निसटतं. लोखंडे, दलवाई, अवचट दांपत्य, विद्या बाळ, गांगल, साईनाथ हे सगळे संस्थापक होते. दुसऱ्याच्या संस्थेत पगारावर गेलेले नव्हते. काय लिहायचं, काय झाकायचं नाही, कुणाचे पैसे नाकारायचे हे त्यांना स्वतः ठरवता आलं. आज या वाटेवर चालणारी मुलंमुली नोकरदार आहेत. त्यांना व्याख्यानात अवचटांचं उदाहरण देणं म्हणजे एसटीच्या वाहकाला कोलंबसाचं चरित्र भेट देण्यासारखं आहे.

त्यांच्याकडे येण्याआधी पडद्यावरच्या माणसांनी काढलेल्या संस्थेचंही एक उदाहरण पाहू : पाणी फाउंडेशन. ‘सत्यमेव जयते’ ही मालिका करणारी मंडळीच २०१६मध्ये पाण्याकडे वळली. दिग्दर्शक सत्यजित भटकळ, जे मुळात वकील, संस्थेचे प्रमुख झाले. पहिल्या वर्षी वरूड, आंबेजोगाई आणि कोरेगाव असे तीनच तालुके होते आणि कोरेगावातल्या वेळूने वॉटर कप ही स्पर्धा जिंकली. नंतर तालुके झपाट्याने वाढले. श्रमदानाची स्पर्धा, पंचेचाळीस दिवसांची मुदत, माथा ते पायथा समजावणाऱ्या फिल्म्स, गावचीच प्रशिक्षित माणसं, टीव्हीवरचा कार्यक्रम. सरकारी पाणलोट योजनांना इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते निरोप पोचवण्याचं काम या लोकांनी करून दाखवलं, याबद्दल वाद नको. पण मालिकेला शेवटचा भाग लागतो, विजेता लागतो, ट्रॉफी लागते. भूजलाला यांतलं काही लागत नाही. कुठे किती पाणी मुरलं, किती उपसलं गेलं आणि पुढच्या उन्हाळ्यात ऊस वाढला का, हे प्रश्न पारितोषिक समारंभानंतर सुरू होतात आणि तेव्हा कॅमेरा निघून गेलेला असतो. २०२२पासून संस्था शेतकरी गटांच्या फार्मर कपकडे वळली. माझ्या मते दमाने करायच्या कामाकडे सरकण्याची ती चांगली खूण आहे.

सरकारात जाणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात वृत्तपत्रांतून आलेले पुष्कळ. जिल्हा माहिती अधिकारी म्हणजे पालकमंत्र्यांचा दौरा, प्रेस नोट, अधिस्वीकृतीची कार्डं आणि पूर आला की रात्रभर फोन. बातमीत ज्याला ‘सूत्रांनी सांगितले’ म्हणतात ते सूत्र आता आपण स्वतः असतो, आणि सांगता काहीच येत नाही. राज्यसभेत गेलेले संपादकही आपल्याकडे आहेत. भारतकुमार राऊत शिवसेनेकडून गेले, कुमार केतकर काँग्रेसकडून. त्यांचं मूल्यमापन राजकारणाच्या रकान्यात व्हावं.

माहिती आयोगाची जागा मात्र पत्रकाराच्या स्वभावाला खरोखर जुळणारी आहे. २००५च्या माहिती अधिकार कायद्यानेच आयुक्त कोण होऊ शकतं हे सांगताना कायदा, विज्ञान, समाजसेवा यांच्या बरोबरीने पत्रकारिता आणि प्रसारमाध्यमं यांची नावं घेतली आहेत. पुण्यात ‘इंडियन एक्सप्रेस’चे प्रकाश कर्दळे यांनी या कायद्यासाठी नागरिकांना हाताशी धरून केलेली खटपट मोठी होती. ‘सकाळ’चे माजी संपादक विजय कुवळेकर पुण्यात राज्य माहिती आयुक्त झाले. समोर अपिलात आलेला अर्जदार, बाजूला फाईल घेऊन आलेला जन माहिती अधिकारी. तीस दिवसांत उत्तर का गेलं नाही, एवढाच प्रश्न. बातमीदार असताना हाच प्रश्न विचारून कार्यालयाच्या पायऱ्या उतराव्या लागत. आयुक्ताला रोज अडीचशे, कमाल पंचवीस हजार रुपयांचा दंड ठोकता येतो. त्याच प्रश्नाच्या मागे कायदा उभा राहिला की त्याचं वजन किती बदलतं, हे अनुभवायला मिळणं दुर्मीळ.

आता पगारी माणसाकडे येऊ. संस्थेतल्या केस स्टडीचा साचा सगळ्यांना पाठ असतो. पहिल्या परिच्छेदात हलाखी, दुसऱ्यात संस्थेच्या ताई वस्तीत येतात, तिसऱ्यात शिलाई मशीन, चौथ्यात महिन्याचं उत्पन्न, खाली हसरा फोटो. सासूचं मत काय, मशीन सध्या कुणाच्या ताब्यात आहे, गटातल्या बाकीच्या नऊ जणींचं काय झालं, हे प्रश्न ज्याने आयुष्यभर विचारले तोच आता ते गिळतो, कारण अहवाल मार्चअखेर जायचा असतो. शब्दमर्यादा असते ती वेगळीच. देणगीदारासाठीचा मजकूर बहुधा इंग्रजीत जातो, त्यामुळे उत्तम मराठी लिहिणाऱ्याची मराठी पत्रकापुरती उरते. हा तोटा कुणाच्या हिशेबात धरलेला नसतो.

कायद्याच्या बेड्याही आहेत. परदेशी देणग्यांच्या २०१०च्या कायद्यात अशी देणगी घेण्यास मनाई असलेल्यांच्या यादीत निवडणुकीचे उमेदवार आणि न्यायाधीश यांच्यासोबत नोंदणीकृत वृत्तपत्राचे वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार आणि संपादकही आहेत. म्हणून संस्थेत गेल्यावर जुन्या दैनिकातलं सदर चालू ठेवावं की नाही, हे आधी संस्थेच्या हिशेबनिसाला विचारून घेतलेलं बरं. २०२०च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली. त्यानंतर लिहिणाऱ्याचा पगार कुठल्या शीर्षाखाली बसवायचा, हा हिशेबनिसापुढचा पेच झाला. आणि बसला नाही की करार वाढत नाही.

परतीची वाट जवळजवळ नाही. आठ-दहा वर्षं संस्थेत काढलेल्या माणसाला वृत्तपत्र परत घेत नाही. तो आता ‘एका बाजूचा’ समजला जातो. नेत्याच्या मालकीच्या दैनिकात वीस वर्षं काढणाऱ्याला मात्र हा आक्षेप लागत नाही.

तरीही जाणाऱ्यांनी जावं असंच मी म्हणेन. फक्त रुजू होण्याआधी काही गोष्टी बोलून, जमल्यास लिहून घ्याव्यात. ज्या वस्तीवर लिहायचं तिथे कार्यकर्त्याशिवाय एकट्याने जायची मुभा. वार्षिक अहवालात न जमलेल्या कामासाठी दोन पानं. फोटोला संमती घेताना इंग्रजी फॉर्मवर अंगठा नको. मजकूर मराठीत, गरज असेल तिथे कोरकू-भिलीत वाचून दाखवायचा आणि नकार आला तर तो केस स्टडीच्या कोट्यातून वजा व्हायचा. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तर बालन्याय कायद्याच्या कलम ७४ने ओळख उघड करायला बंदीच घातली आहे, तरी निधीसंकलनाच्या पत्रकांवर निवासी बालगृहातल्या मुलांचे चेहरे नावासकट दिसतात. ते पत्रक छापायला जाण्याआधी ज्याच्या टेबलावर शेवटचं येतं, तो बहुतेक वेळा आपल्यातूनच गेलेला असतो.